साखरपुड्याचे छायाचित्र आणि अंगावरचे वस्त्र



चातुर्मास संपला की आपल्या घराघरांत साखरपुड्यांची लगबग सुरू होते. अलीकडे त्यात वधूवरांच्या स्वतंत्र छायाचित्रणाची भर पडली आहे. स्थळ ठरते, वेळ ठरते आणि मग घरातील सर्वांत अवघड प्रश्न पुढे येतो : कपडे कोणते घालायचे? नुकताच हा प्रश्न आमच्या माहेरी, सांगलीला उभा राहिला. तो सोडविताना जे उमगले, ते या वेळी आपल्यापुढे ठेवते.

माझ्या भाचीसाठी व्याह्यांकडून पैठणी आली होती. जांभळ्या रंगाची, पदरावर मोर असलेली. ‘रेशमावर प्रकाश छान खुलतो,’ असे छायाचित्रकारानेही सांगून ठेवले होते. अडचण एवढीच, की माझ्या आईला, म्हणजे भाचीच्या आजीला, गेली चाळीस वर्षे रेशमाचा त्याग आहे. वडिलांबरोबर खरेदीला गेली असता कर्नाटकातील रामनगर येथे तिने कोषांपासून धागा काढण्याचे काम पाहिले आणि घरी परतताच नियम घेतला. नातीला मात्र तिने ‘नेसू नकोस’ असे एका शब्दानेही सांगितले नाही. नातीनेच विचारले, ‘आजी, तू रेशीम का सोडलंस?’

आईने पाहिले तेवढेच सांगितले. रेशमाच्या कोषात शेकडो मीटर लांबीचा एकच सलग धागा असतो. पतंग कोष फोडून बाहेर पडला तर तो धागा तुटतो. म्हणून त्यापूर्वीच आतील जीवाला वाफेने किंवा उष्ण हवेने मारतात व कोष गरम पाण्यात सोडून धागा उलगडतात. एका साडीसाठी असे हजारो कोष लागतात.

भाची वाणिज्य शाखेची, हिशेबाला पक्की. ती म्हणाली, ‘पण आजी, ही साडी तर विणून झाली आहे. मी नेसले नाही म्हणून एकही जीव परत येणार नाही.’

‘खरं आहे,’ आई म्हणाली. ‘मारणारी तू नाहीस आणि मारायला लावणारीही नाहीस. पण कृत आणि कारित यांच्यापुढे आपल्याकडे तिसरी गोष्ट सांगितली आहे, अनुमोदना. साडी घरात नेसलीस तर चार जण पाहतील. फोटो शंभर जणांच्या फोनमध्ये जाईल, भिंतीवर पन्नास वर्षं राहील. तो पाहून एखादी मुलगी म्हणेल, मलाही अशीच हवी. विचार एवढाच कर. मग जे ठरवशील ते तुझं.’

माझा भाऊ शेजारीच बसला होता. कापडपेठेतील आमच्या दुकानात रेशमी साड्यांची दोन कपाटे आहेत. तो काही बोलला नाही, पण त्या रात्री त्याला जेवण गेले नाही, हे वहिनीने मला नंतर सांगितले.

दुसऱ्या दिवशी दोघी दुकानात बसून कापड पाहू लागल्या. तेव्हा कळले, की रेशीम टाळायचे म्हटले तरी ते ओळखावे लागते. चंदेरी आणि माहेश्वरी यांत बहुधा सुताबरोबर रेशीम असतेच. खऱ्या जरीचा गाभाही रेशमी धाग्याचा असतो. त्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून सोन्याचा मुलामा देतात. शंका आली तर एक धागा जाळून पाहावा. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम, कागद जळल्यासारखा आला तर सूत, आणि धागा वितळून मणी झाला तर पॉलिस्टर. पतंग बाहेर पडल्यानंतर उरलेल्या कोषांपासून कातलेले ‘अहिंसा रेशीम’ही मिळते, तेलंगणातील कुसुमा राजय्या यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. तुटलेले धागे कातावे लागत असल्याने त्याची झळाळी सौम्य असते. एरी रेशमाचा कोष एका टोकाला उघडा असतो हे खरे. परंतु ईशान्येकडे त्यातील जीव खाल्लेही जातात. तेव्हा केवळ नावावर विसंबू नये.

अखेर भाचीने डाळिंबी रंगाची सुती पैठणी निवडली. जावईबापूंसाठी लिननचा फिकट बदामी कुर्ता घेतला आणि चामड्याऐवजी कापडी मोजडी. दोघांनी एकाच रंगाचे कपडे घातले तर चित्रात ते एकमेकांत मिसळून जातात; एक गडद व एक फिका असावा. अगदी बारीक रेघा कॅमेऱ्यात लाटांसारख्या दिसतात आणि फार भडक रंगाची छटा हनुवटीवर पडते. एवढे पाळले, तर सुती वस्त्रही उठून दिसते.

वेळेचा प्रश्नही असाच सुटला. छायाचित्रकाराला सूर्यास्तापूर्वीचा शेवटचा तास हवा होता आणि घरातील वडीलधाऱ्यांचा चौविहार नेमका तेव्हाच. भाचीने सकाळ सुचविली. सूर्योदयानंतरचा प्रकाशही तितकाच कोवळा असतो. कृष्णेच्या घाटावर, आयर्विन पुलाकडे पाठ करून चित्रे निघाली आणि नवकारसीची ४८ मिनिटे पुरी होऊन सर्व जण न्याहारीला घरी परतले.

सर्वांत अवघड काम मात्र त्याआधीच झाले होते. व्याह्यांनी प्रेमाने पाठविलेली साडी फोटोत नेसणार नाही, हे सांगायचे कोणी? वहिनी म्हणाली, मोठ्यांनी बोलावे. भाचीने ऐकले नाही. तिने स्वतः फोन लावला : ‘काकू, साडी फार सुंदर आहे. तुम्ही किती मनापासून घेतलीत ते मला कळतं. पण आजीचं ऐकल्यापासून ती नेसावीशी वाटत नाही. हे तुमच्यापासून लपवून मला घरात यायचं नाही.’ पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, ‘आमच्याकडे हे कधी कुणी बोललंच नाही गं. बरं, फोटोत नको. पण लग्नात नेसशील ना?’

त्या प्रश्नाचे उत्तर भाचीने अजून दिलेले नाही. आई म्हणते, ‘घाई करू नका. माझा नियम तुझ्या वडिलांना समजायलाही सात वर्षं लागली होती.’ पैठणी कपाटात आहे. दुकानातील रेशमाची दोन कपाटेही अजून आहेत. मात्र भावाने आता प्रत्येक साडीच्या चिठ्ठीवर सूत किती, रेशीम किती, जर कोणती, हे लिहायला सुरुवात केली आहे. त्यामुळे दोन गिऱ्हाईके परत गेली, असे तो सांगत होता. चिठ्ठ्या मात्र त्याने काढल्या नाहीत.

आपल्या घरी असा प्रसंग आला असेल आणि तो कसा निभावला हे सांगावेसे वाटत असेल, तर अवश्य लिहावे. भाचीला उत्तर द्यायला अजून चार महिने आहेत.