मिठाची गोष्ट आणि पगार

रोमन सैनिकांना मिठात पगार मिळे, म्हणून ‘सॅलरी’, ही गोष्ट आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. खाल्ल्या मिठाला जागणं आपल्या अंगवळणी पडलेलं असल्यानं ती चटकन पटतेही. पण सैनिकांना मीठ मापून दिल्याचा पुरावा रोमन ग्रंथांत मिळत नाही. ‘सालारियुम’ हा लॅटिन शब्द मिठावरून आला, एवढंच रोमन लेखक थोरला प्लिनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात सांगतो. मिठाची पोती नंतरच्या गोष्टीवेल्हाळांनी आणली.

माझी तक्रार वेगळीच आहे. आपल्या ‘पगारा’ची याहून नामी गोष्ट कुणी सांगत नाही.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५३४ मध्ये वसई. पाव, चावी यांच्यासोबत हा शब्दही किनाऱ्यावर उतरला. त्यांच्याकडे मात्र ‘पगार’ हे क्रियापद आहे. अर्थ, पैसे चुकते करणं. महिन्याकाठी हाती येणाऱ्या रकमेला ते ‘सालारियु’ म्हणतात, म्हणजे पुन्हा मीठच! आपण त्यांच्या क्रियापदाचं नाम केलं आणि वर ‘पगार झाला का?’ असं विचारू लागलो. कोकणी आणि गुजरातीतही तो नामच आहे.

या क्रियापदाचं मूळ लॅटिन ‘पाकारे’, आणि त्याचं मूळ ‘पाक्स’, म्हणजे शांतता. पाकारे म्हणजे शांत करणं. सीझर गॉलच्या मोहिमांबद्दल हे क्रियापद वापरतो तेव्हा मुलूख जिंकून गप्प बसवला, असा त्याचा अर्थ असतो. पुढे तलवार मागे पडली आणि दारात घेणेकरी उभा राहिला. त्याचं देणं देऊन त्याला शांत करायचं, तेही पाकारेच. फ्रेंच ‘पेये’, इंग्रजी ‘पे’ तिथलेच. स्पॅनिशनं त्याच मुळापासून ‘आपागार’ केलं, म्हणजे दिवा विझवणं.

मिठाच्या गोष्टीत नोकर मिंधा असतो. पगाराच्या गोष्टीत मालकच देणेकरी आहे, हे मला जास्त आवडतं. सरकारी कागदांना ‘वेतन’ लागतं, लागो. पण कारखान्याच्या फाटकावर बसलेले कामगार ‘पगार थकवला’ म्हणतात, ‘पगार चुकता करा’ म्हणतात. थकवणं, चुकतं करणं ही कर्जाचीच क्रियापदं आहेत. लॅटिनचा गंध नसताना मराठीनं ती नेमकी त्याच शब्दाला लावली.