चेरीची दारं आणि मागची झुरळं

परवा टिळकवाडीत नात्यातल्या एका मुलीच्या नव्या फ्लॅटवर गेले होते. पाणी गाळून दिलं, दिवेलागणीच्या आत जेवायला वाढलं, ताटात कांदा-बटाटा नाही. मन भरून आलं. मग हात धरून म्हणाली, "मावशी, किचन बघा की! सगळं चेरी वूड आहे."

बघितलं. ओट्याखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत लालसर, चकचकीत दारं. सिंकखालचं दार उघडलं तर कोंदट वास. विचारलं, "झुरळं होत नाहीत?"

"होतात की. पण दर तीन महिन्यांनी पेस्ट कंट्रोलवाला येऊन मारून जातो."

किती सहज म्हणाली! गाळण्यावर राहिलेले जीव परत पाण्यात सोडायला शिकलेली पोर.

तिला एकटीला दोष देत नाही. माझ्या स्वयंपाकघरातही हेच झालं. आमच्या घरी जाळीच्या दारांचं फडताळ होतं, उघड्या फळ्यांची मांडणी होती. लोक काय म्हणतील म्हणून मीच ती मोडीत काढली. कंत्राटदार म्हणाला, "वहिनी, काळजी सोडा, उत्तम माल आहे." दुसऱ्याच पावसाळ्यात सिंकखालचा बोर्ड फुगून बिस्किटासारखा झाला. मग झुरळं, मग फवारणी. सकाळी कामवाली सुपलीभर मेलेली झुरळं झाडून नेत होती आणि मी देवळात जायला निघाले होते. ती सुपली अजून डोळ्यांपुढून जात नाही.

आता म्हणाल, "आम्ही कुठं मारतो? तो माणूस मारतो." बायांनो, हे उत्तर आपल्या धर्मात चालत नाही. कृत, कारित, अनुमोदित हे तिन्ही आपल्याच खात्यावर. फोन आपण केला, पैसे आपण दिले. श्रावकाला निषिद्ध सांगितलेल्या पंधरा व्यापारांत विषाचा व्यापार आहे. विकणाऱ्याला जे वर्ज्य, ते दर तीन महिन्यांनी विकत घेणाऱ्याला चालतं कसं?

आधी त्या 'चेरी'चा भ्रम काढून टाका. खरी चेरी म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या काळ्या चेरीच्या झाडाचं लाकूड. नवं असताना फिकट गुलाबी-तपकिरी, उजेडात राहून महिन्या-महिन्यांनी गडद लाल होतं. तिथल्या बायकांना सांगावं लागतं की एकाच जागी डबा टेकवून ठेवू नका, मागे फिकट ठसा राहतो. आपल्याकडं बहुतेक घरांत 'चेरी' हे फक्त सनमायक्याच्या रंगाचं नाव आहे. आत काय आहे ते विचारा. लाकडाचा भुसा आणि चुरा दाबून केलेला बोर्ड असेल तर कापलेली कड पाणी पिते आणि फुगते. बेळगावच्या चार महिन्यांच्या पावसात तो टिकेल कसा?

मग काय घ्यावं? ऐपत असेल तर जुनं सागवान. मोडलेल्या वाड्यांचे दरवाजे, तुळया मिळतात. त्यासाठी नवं झाड पडत नाही. सागाच्या गाभ्यात स्वतःचं तेल असतं, वाळवी सहसा लागत नाही. ऐपत नसेल तर निदान सिंकखाली आय.एस. ७१० शिक्क्याचा, पाणी सोसणारा प्लाय घ्या आणि प्रत्येक कापलेली कड बंद करून घ्या. पॉलिश करतानाही विचारा. सुताराचं फ्रेंच पॉलिश चपड्याचं, म्हणजे लाखेचं. लाख किड्यापासून येते. लाखेचा व्यापारही त्याच पंधरांत आहे. रेशीम सोडणाऱ्या आपण, दारांना लाख फासून घेतो! अळशीच्या तेलाचा हात द्यायला सांगा.

पण लाकडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे वारा. झुरळाला हवा असतो अंधार, ओल आणि सांडलेला कण. ओट्याखाली सगळं बंद करून हे तिन्ही आपणच पुरवतो, आणि ते आलं की त्याला मारतो. आमंत्रण देऊन जीव घेण्यातला प्रकार हा. म्हणून सिंकखाली दार नकोच, असलं तर जाळीचं. कपाटं जमिनीपासून वीतभर वर, पायांवर. खाली झाडू फिरला पाहिजे. पाइप भिंतीत जातो तिथली फट सिमेंटनं बुजवा. रात्री सिंक पुसून कोरडं करा, ओलं फडकं आत वाळत घालू नका. दारं पिळलेल्या फडक्यानं पुसा आणि लगेच कोरड्यानं; घासणी लावू नका. चातुर्मासाच्या आधी एक दिवस सगळं बाहेर काढून उन्हं-वारा द्या.

मुनींच्या पाच समित्यांत वस्तू बघून उचलणं, बघून ठेवणं ही एक समिती आहे. ती आपल्याला पूर्ण साधणार नाही, पण हात जिथं जातो तिथं डोळा पोचला पाहिजे, एवढं स्वयंपाकघर तरी उघडं ठेवा.

घरातले पुरुष म्हणतील, उघडं बरं दिसत नाही. त्यांना विचारा, ओट्याशी दिवसाचे किती तास तुम्ही उभे राहता? रंग त्यांनी ठरवायचा, दर कंत्राटदारानं ठरवायचा, आणि मेलेले जीव मात्र आपण झाडायचे. हे पुरे झालं.

त्या मुलीला मी एवढंच म्हटलं, "पुढच्या वेळी त्या माणसाला फोन करायच्या आधी सिंकखालचं दार काढून ठेव आणि महिनाभर बघ." ती हसली. पण जाताना तिनं ते दार एकदा वाकून बघितलं.