गारठ्यानं करपलेलं आंब्याचं कलम उपटू नका. झाडही वाचेल, अनुदानही

हिंगोली : थंडीची लाट येते तेव्हा चर्चा हरभऱ्याची आणि हळदीची होते. नव्यानं लावलेल्या केसर आंब्याच्या कलमांकडे कुणाचं लक्ष जात नाही. आठ-दहा दिवसांनी शेंडे काळे पडतात, पानं भाजल्यासारखी तांबडी होऊन लोंबकळतात, मग शेतकरी घाबरतो. कुणी कलम उपटून फेकतो, कुणी कात्री घेऊन बुडापर्यंत छाटतो. नुकसान तिथं दुप्पट होतं, कारण पानं गेली म्हणजे झाड गेलं असं नसतं.

आपल्याकडं काश्मीरसारखा बर्फ पडत नाही, पण आंब्याच्या कोवळ्या फुटीला तेवढ्या थंडीची गरजही नाही. डिसेंबर 2018 च्या शेवटच्या आठवड्यात परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात पारा 3 अंशांच्या आसपास उतरला होता. त्याच आठवड्यात नाशिककडे निफाडला तो 2 अंशांच्या खाली गेला. परभणीचा गारठा हिंगोलीच्या शिवारात यायला वेळ लागत नाही. एकाच गावातही फरक पडतो. गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराकडं वाहते. त्यामुळं औंढ्याच्या माळावरचं कलम टिकतं आणि खाली कयाधूच्या किंवा ओढ्याच्या काठच्या खोलगट रानातलं करपतं. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर पहाटे तिथं जास्त धोका.

झाड जिवंत आहे का, हे बघायला नख पुरतं. शेंड्यापासून खाली येत सालीवर हलकं ओरखडायचं. आत हिरवं, ओलसर दिसलं तर ती फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं असेल तर आणखी खाली बघायचं. असं करत कलमाच्या जोडापर्यंत यायचं. जोडाच्या वर कुठंही हिरवं असेल तर केसर वाचला. जोडाच्या खालीच हिरवं असेल तर मूळ गावठी झाड जिवंत आहे, वरचा केसर गेला. हा फरक न बघता खालून आलेले फुटवे वाढवले, तर पुढं हाती गावठी आंबा येतो. अशा झाडाची मुळं रानात बसलेली असतात, त्यामुळं पावसाळ्यात जुलै-ऑगस्टला त्याच जागी कोवळ्या फुटीवर पुन्हा केसरची काडी बांधता येते. नवं रोप लावण्यापेक्षा ते लवकर वाढतं.

छाटणीला मात्र घाई नको. मेलेला शेंडा खालच्या डोळ्यांवर थोडं पांघरूण घालतो, आणि जानेवारीत छाटलं की नवी फूट निघते आणि पुढच्या लाटेत तीच पहिली करपते. थंडी पुरती सरल्यावर, फेब्रुवारी अखेर ते मार्चमध्ये फूट कुठून येते ते बघून तिच्या जरा वर कापायचं. कापल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची : 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. युरियाचंही तेच. झाड सुकलं म्हणून मूठभर युरिया टाकणं ही सवय आहे, पण पानं नसलेलं झाड खत घेणार कुठून? पाणीही बेतानं द्यायचं. पानं नाहीत म्हणजे पिणं कमी, आणि काळ्या रानात पाणी साचलं की मुळं कुजतात. उघडं पडलेलं खोड एप्रिलच्या उन्हात तडकतं, म्हणून त्याला चुन्याचा हात द्यावा.

पुढची लाट येण्याआधी संध्याकाळी किंवा रात्री हलकं पाणी दिलं तर ओली जमीन ऊब धरते. रात्रपाळीची लाईट एरवी शिव्या खाते, या दिवसांत ती कामाला येते. तूर निघाली की तुराट्या असतातच. त्यांचा आडोसा उत्तरेकडून करायचा, दक्षिण-पूर्व बाजू उन्हासाठी मोकळी ठेवायची.

खरी अडचण कागदावर आहे. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असं मिळतं. पुढचे हप्ते हवे असतील तर 80 ते 90 टक्के झाडं जिवंत ठेवावी लागतात. म्हणजे शंभरात वीस कलमं गेली की टक्का काठावर येतो. कमी भरली तर पदरचे पैसे घालून नांगे भरायचे. दुसरीकडं हवामानावर आधारित फळपीक विम्यात आंब्याची बाग किमान 5 वर्षांची, उत्पादन देणारी लागते. ज्या वयात कलम थंडीला सगळ्यात कच्चं असतं, त्याच वयात त्याला विमा नाही.

सरकारी मदतीची वाट मोकळी आहे. आपत्तीच्या यादीत थंडीची लाटही आहे. 33 टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर केंद्राच्या 2022 पासूनच्या निकषात बहुवार्षिक पिकांना हेक्टरी 22 हजार 500 रुपये, 2 हेक्टरपर्यंत. पण पंचनामा लाटेनंतर लगेच होतो आणि कोणतं झाड खरंच गेलं ते मार्चमध्ये कळतं. तलाठी, कृषी सहायक आले तेव्हा कलम उपटलेलं असेल तर मोजायला खड्डाच उरतो, आणि पुढं अनुदानाची तपासणी आली की तोच खड्डा मेलेल्या झाडात धरला जातो. सातबाऱ्यावर बागेची नोंद नसेल तर सांगायलाही जागा राहत नाही.

त्यामुळं करपल्याचं दिसताच रांगेनिशी फोटो काढावेत, तारीख दिसेल असे, आणि तलाठ्याला लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. झाडांना हात लावायचा तो मार्चमध्येच. नखानं बघूनही खात्री होत नसेल तर करपलेली फांदी घेऊन कळमनुरी तालुक्यातल्या तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवता येते.