शाळेच्या तलावात ऑलिम्पिकचे नियम कशाला?

वॉटरपोलोच्या आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकात वर्षानुवर्षे एक छोटे कलम छापले जात होते. गोलची आडवी दांडी पाण्याच्या पातळीपासून 90 सेंटिमीटर उंच असावी; पण पाणी दीड मीटरपेक्षा उथळ असेल, तर उंची तळापासून मोजावी आणि 2.40 मीटर ठेवावी. कारण उघड आहे. उथळ पाण्यात गोलकीपर तळावर उभा राहतो, हात वर करतो आणि 90 सेंटिमीटरचा गोल जवळजवळ बंद करून टाकतो. म्हणजे जगातला प्रत्येक तलाव ऑलिम्पिकच्या मापाचा नसतो, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होते. मैदानाच्या मापातही त्यांनी अशीच मोकळीक ठेवली होती: पुरुषांसाठी लांबी 20 ते 30 मीटर, रुंदी 10 ते 20 मीटर. जसा तलाव, तसे मैदान.

शालेय स्पर्धा भरवणाऱ्यांनी या नियमपुस्तकातून सर्वात आधी उचलावी ती ही मोकळीक. मोठ्यांची सातांची रचना, आठ-आठ मिनिटांची चार सत्रे, अंगाला अंग भिडवण्याची मुभा हे सारे बारा-तेरा वर्षांच्या मुलांवर जसेच्या तसे लादणे चूक आहे. एकोणीस वर्षांखालील, क्लबात रोज सराव करणाऱ्या खेळाडूंचा प्रश्न वेगळा. त्यांना पुढे राष्ट्रीय स्पर्धेत तोच खेळ खेळायचा असतो, त्यांनी तो पूर्ण नियमांनीच खेळावा. पण चौदा वर्षांखालच्या गटासाठी वेगळे नियम हवेत आणि ते स्पर्धेच्या आधी लिहून, वाचून दाखवलेले हवेत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येक बाजूचे सात जण पाण्यात, त्यांतला एक गोलकीपर. गोल तीन मीटर रुंद. गोलकीपर सोडला तर कुणीही चेंडूला एका वेळी दोन्ही हात लावायचे नाहीत आणि तळाचा आधार घ्यायचा नाही. त्यामुळे सामनाभर दोन्ही पाय गुडघ्यातून उलटसुलट गोल फिरवत उभ्याने तरंगत राहावे लागते. प्रशिक्षक याला एगबीटर म्हणतात. पोहण्याच्या शर्यतीत पहिला येणारा मुलगाही एगबीटर येत नसेल तर या खेळात पाच मिनिटांत दमतो. चेंडू मिळाल्यावर तो ठरावीक सेकंदांत गोलवर मारावा लागतो. मोठ्यांच्या खेळात ही मर्यादा अनेक वर्षे 30 सेकंदांची होती. गोलपासून दोन मीटरच्या आत चेंडूच्या पुढे जाऊन थांबता येत नाही. पेनल्टी पाच मीटरवरून.

पहिला प्रश्न खोलीचा. आपल्याकडचे बहुतेक सार्वजनिक तलाव एका टोकाला तीन-चार फूट आणि दुसऱ्या टोकाला त्याहून बरेच खोल असतात. अशा तलावात लांबीच्या दिशेने मैदान आखले, की एका गोलसमोर मुले उभी राहू शकतात आणि दुसऱ्या गोलसमोर बुडतात. मध्यंतराला बाजू बदलल्या की दोन्ही संघांना समान न्याय मिळाला असे मानले जाते. संघांना मिळाला असेलही, पण मुलांना मिळत नाही. मधल्या पट्ट्यात उंच मुलाचे पाय टेकतात आणि बुटक्या मुलाच्या नाकातोंडात पाणी जाते. एक जण तळाला रेटा देऊन उसळी घेतो, दुसरा पाय मारून मारून दमतो, आणि काठावरच्या पंचाला तळाशी काय चालले आहे ते दिसत नाही.

यावर उपाय साधा आहे. पन्नास मीटरच्या तलावाची रुंदी बहुधा वीस मीटरच्या पुढे असते. ती रुंदी हीच मैदानाची लांबी धरायची आणि मैदान खोल टोकाला आडवे आखायचे. 20 मीटर बाय 10-12 मीटरचे मैदान मिळते, आणि ते नियमपुस्तकाच्या मापातच बसते. लेनचे दोर, दोन तरंगते गोल एवढ्यात काम भागते. नियम एकच असावा: मैदानात सगळ्यांचे पाय टेकतील किंवा कुणाचेच टेकणार नाहीत. दोन्हींच्या मधली सोय धोक्याची.

सगळ्यांचे पाय टेकतील असा खेळही जगात आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये लहान मुलांसाठी फ्लिपा बॉल नावाचा प्रकार खेळला जातो. पाणी उथळ, चेंडू लहान, धक्काबुक्की नाही. अमेरिकेत वॉटरपोलोच्या राष्ट्रीय संघटनेने याच धर्तीवर स्प्लॅशबॉल सुरू केला. त्यात पोहण्यात कच्ची मुले तरंगत्या साधनांचा आधार घेऊनही खेळू शकतात. इटलीत एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या लिन्यानो साब्बियादोरो या गावी लहान मुलांचा हाबावाबा नावाचा मेळा भरतो. या देशांतल्या लोकांनी वॉटरपोलो सौम्य करून टाकला, असे कुणी म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या महिलांनी 2000 मध्ये सिडनीत ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले. अमेरिकेच्या महिलांनी लंडन, रिओ आणि टोकियो अशी लागोपाठ तीन सुवर्णे जिंकली. लहानपणी सोप्या नियमांनी खेळलेला खेळाडू मोठेपणी कच्चा राहतो, या समजुतीला तिथे काही आधार सापडत नाही.

खोलीपेक्षाही गंभीर प्रश्न बुडवण्याचा. मोठ्यांच्या नियमांत, चेंडू हातात नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला धरणे, बुडवणे किंवा मागे ओढणे हा मोठा फाउल असतो. तो करणाऱ्याला साधारण वीस सेकंद बाहेर काढतात आणि तेवढा वेळ त्याचा संघ एक खेळाडू कमी घेऊन झुंजतो. असे तीन वैयक्तिक फाउल झाले की तो उरलेल्या सामन्याला मुकतो, त्याच्या जागी बदली खेळाडू येतो. इथपर्यंत ठीक. पण ज्याच्या हातात चेंडू आहे त्याला धरता येते, ओढता येते, बुडवताही येते. त्या झटापटीत चेंडू पाण्याखाली गेला, तर फाउल दिला जातो चेंडू धरणाऱ्याविरुद्ध, त्याला खाली दाबणाऱ्याविरुद्ध नव्हे.

ऐंशी-नव्वद किलोच्या, वर्षानुवर्षे घडलेल्या खेळाडूंमध्ये या नियमाला अर्थ आहे. चेंडू छातीशी कवटाळून कुणी वेळ काढू नये, म्हणून तो आला. पण शाळेच्या संघात आठवीतला चाळीस किलोचा मुलगा आणि त्याच वर्गातला साठ किलोचा मुलगा समोरासमोर येतात. चाळीस किलोवाल्याला चेंडू मिळतो, साठ किलोवाला खांद्यावर हात टाकून त्याला खाली नेतो, चेंडू बुडतो, शिट्टी वाजते आणि पंच चेंडू साठ किलोवाल्याला देतो. त्या लहान मुलाला एकच धडा मिळतो: चेंडू आला की सोडून द्यायचा. प्रशिक्षक त्याला पुढल्या सामन्यात बसवतो आणि त्याचा वॉटरपोलो तिथेच संपतो.

म्हणून चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत हे कलम उलटे करावे. चेंडूवाल्यासमोर हात वर करून, छाती पुढे घेऊन अडवायला पूर्ण मुभा. खांद्यावर, मानेवर, डोक्यावर हात टाकायला पूर्ण बंदी. दाबल्यामुळे चेंडू बुडाला तर फ्री थ्रो चेंडूवाल्याला. कुणाचे डोके मुद्दाम पाण्याखाली धरले तर तीन फाउलची वाट न पाहता खेळाडू त्या सामन्यातून बाद. हा शेवटचा नियम कठोर वाटेल. पाण्याखाली धरलेल्या मुलाला ओरडता येत नाही, एवढे लक्षात घेतले तर तो कठोर वाटणार नाही.

डोक्याला लागणाऱ्या माराचाही विचार व्हायला हवा. हेल्मेट नाही, जमिनीवर आपटणे नाही, म्हणून हा खेळ सुरक्षित असे पालकांना वाटते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतील संशोधकांनी 2016 मध्ये अमेरिकेतल्या दीड हजारांवर वॉटरपोलो खेळाडूंच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतल्या 36 टक्के खेळाडूंनी खेळताना कधी ना कधी मेंदूला हादरा बसल्याचे सांगितले, आणि गोलकीपरमध्ये हे प्रमाण आणखी जास्त होते. जवळून फेकलेला चेंडू आणि फिरता कोपर ही कारणे समजण्यासारखी आहेत. शाळेच्या स्पर्धेत यावर स्वस्तातले उपाय आहेत: कान झाकणाऱ्या टोप्या, लहान चेंडू, सरावात गोलकीपरवर एका वेळी एकच चेंडू, आणि डोक्याला मार बसलेला मुलगा त्या दिवशी पुन्हा पाण्यात न उतरणे. सामन्याआधी नखे तपासण्याची पद्धत जुनी आहे, ती कुठेही सोडू नये. नखांचे ओरखडे आणि बोटांतल्या अंगठ्या यांनी झालेल्या जखमा पूर्णपणे टाळता येतात.

या खेळाचा इतिहास म्हणजे नियमांनी हाणामारी हळूहळू आवरत आणल्याचा इतिहास. स्कॉटलंडमधल्या विल्यम विल्सन यांनी 1877 च्या सुमारास ॲबरडीनच्या क्लबासाठी नियम लिहिले, तेव्हा हा खेळ पाण्यातल्या रग्बीसारखा होता. चेंडूपेक्षा माणूस बुडवण्याकडे लक्ष जास्त. पुढे हवा भरलेला मोठा चेंडू, जाळीचा गोल आणि वेगवेगळ्या फाउलची शिक्षा आली, आणि खेळ फेकीचा, पोहण्याचा, डोक्याचा झाला. तरीही 1956 मध्ये मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये हंगेरी आणि सोव्हिएत संघ यांच्या सामन्यात, हंगेरीतला उठाव चिरडला गेल्यानंतर काही आठवड्यांतच, पाण्यात ठोसे चालले. हंगेरीचा एर्विन झादोर डोळ्याखाली रक्त घेऊन बाहेर आला आणि सामना शेवटच्या मिनिटांत थांबवावा लागला. तिथे राजकारण होते. शाळांच्या सामन्यात ते नसते, पण पंच ढिला असला की राग तिथेही पाण्यात उतरतो.

पंच हाच या सगळ्याचा कणा. वॉटरपोलोत दोन पंच तलावाच्या दोन काठांवरून खेळाबरोबर चालत राहतात. फाउल दिल्याने फाउल करणाऱ्याचाच फायदा होणार असेल, तर शिट्टी न वाजवण्याचा अधिकार त्यांना असतो. मोठ्यांच्या खेळात ही कला आहे. मुलांच्या खेळात पंचाने शिट्टी सढळ हाताने वाजवावी, आणि ती कशासाठी वाजली ते हाताच्या खुणेसोबत तोंडानेही सांगावे. खेळ दोन-चार मिनिटे लांबेल, लांबू द्यावा. एकच पंच दोन्ही काठ सांभाळत असेल तर निदान समोरच्या काठावर एक जाणकार सहायक हवा, नाहीतर पलीकडच्या बाजूचे ओढाओढीचे सारे प्रकार सुटतात.

आता संघाचा आकार. सात जण पाण्यात आणि बाकावर तितकेच, म्हणजे एका शाळेला एका वयोगटात तेरा-चौदा चांगले पोहणारे लागतात. पुण्या-मुंबईतल्या मोजक्या शाळा सोडल्या तर हे जमणे कठीण, आणि मुलींच्या बाबतीत तर जवळजवळ अशक्य. म्हणून पाचांचा संघ करावा: चार खेळाडू, एक गोलकीपर, तीन-चार बदली. सत्रे पाच-पाच मिनिटांची. अमेरिकेत हायस्कूलच्या सामन्यांतही सत्र आठ मिनिटांचे नसून सातचे असते, मग आपल्या सहावी-सातवीच्या मुलांना पाच पुरेत. बारा वर्षांखालच्या गटात मुले-मुली एकत्र खेळू द्यावीत. त्या वयात ताकदीचा फरक फारसा नसतो आणि मुलींना संघच नाही म्हणून घरी बसावे लागत नाही. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचा वॉटरपोलो 1900 मध्ये आला, महिलांचा थेट 2000 मध्ये. इतका उशीर शाळांनी पुन्हा करू नये.

महाराष्ट्रात हे करण्यासारखी परिस्थिती आहे. राज्याच्या शालेय क्रीडा स्पर्धांत जलतरण आणि डायव्हिंगच्या जोडीला वॉटरपोलो आहेच. दादरचा महात्मा गांधी जलतरण तलाव, पुण्यातला टिळक टँक, बालेवाडीचे क्रीडासंकुल, कोल्हापूरचा अंबाई टँक यांसारख्या जागा आहेत. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर दरवर्षी समुद्रात पोहण्याच्या स्पर्धेला राज्यभरातून मुले येतात. कृष्णेच्या, पंचगंगेच्या काठी आणि विहिरींत पोहायला शिकलेली मुले शर्यतीच्या तंत्रात मागे पडतात, कारण त्यांना वळण आणि उडी कुणी शिकवलेली नसते. पण पाण्यात तासभर न दमता राहण्याची त्यांची सवय या खेळाला हवी तशीच आहे. सोप्या नियमांची, पाचांची स्पर्धा त्यांच्यासाठी दार ठरेल. भारताने 1948 आणि 1952 च्या ऑलिम्पिकमध्ये वॉटरपोलो खेळला आणि 1951 च्या पहिल्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. त्या संघातले सचिन नाग त्याच स्पर्धेत 100 मीटर फ्रीस्टाइलचेही विजेते होते. पुढे 1970 मध्ये रौप्य आणि 1982 मध्ये कांस्य मिळाले. म्हणजे हा खेळ आपल्याला परका नाही.

शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो. त्याआधी जिल्हा क्रीडा कार्यालयांनी चौदा वर्षांखालच्या वॉटरपोलोसाठी चार पानांची मराठी नियमपत्रिका काढावी: मैदानाची आखणी, चेंडूचा आकार, फाउलची चित्रे आणि पंचाच्या हातखुणा. प्रत्येक मुलाने 100 मीटर पोहून आणि तीन मिनिटे हातांचा आधार न घेता उभ्याने तरंगून दाखवल्याशिवाय त्याचे नाव यादीत घालू नये. पंचांसाठी एक दिवसाचे शिबिर ठेवावे, आणि जिल्ह्यातल्या जुन्या वॉटरपोलो खेळाडूंना तिथे शिकवायला बोलवावे.