दुचाकीमागे धावणारी कुत्री



खांदा कॉलनीतली कुत्री 'माजली आहेत', हे एका पत्रलेखकाचे म्हणणे पटत नाही. पळत्या वस्तूमागे धावणे त्यांच्या रक्तातच आहे. दुचाकीस्वाराने वेग वाढवला की आणखी चेव येतो. गाडी हळू करा, वाटल्यास थांबा. बहुतेक कुत्री टायर हुंगून, दोनदा भुंकून वळतात. व्यालेली कुत्री मात्र पिल्लांसाठी खरेच अंगावर येते, तिथून वाट बदलावी. सगळी कुत्री उचलून खारघरला सोडण्याची पत्रलेखकाची सूचना तर अजबच! भटक्या कुत्र्यांबाबतच्या 2023 च्या नियमांनुसार निर्बीजीकरण, लसीकरण करून निरोगी कुत्रे मूळ जागीच सोडावे लागते. परक्या हद्दीत ते बिथरते, रिकाम्या जागी दुसरे येते. चावलेच तर जखम साबणाने 15 मिनिटे धुवा, त्याच दिवशी लस घ्या; हळद-चुना नको.

– एक वाचक, नवीन पनवेल