फुरसत ही चैन नव्हे

छंद, भटकंती, फोटोग्राफी म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले, असे आपल्या वस्त्यांत अजूनही म्हटले जाते. आम्हांला हे पटत नाही. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या नुसते राबवून घेतले, त्याला फुरसत औषधाइतकीच गरजेची आहे. फुरसत मिळाली तरच माणूस संस्कृतीकडे वळतो, असे बाबासाहेबांनी मांडले. कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला 54 वरून 48 करणारे 1946 चे विधेयक मजूरमंत्री म्हणून त्यांनीच आणले. उतारवयात ते स्वतः व्हायोलिन शिकले.

रायगडच्या किनाऱ्यावर प्रत्येक ऋतूला काही ना काही करता येते. पावसात समुद्र खवळलेला असतो, वर्षावास सुरू असतो. तेव्हा वाचावे, चित्रे काढावीत. थंडीत मांदाडजवळची कुडा लेणी सावकाश चढावीत. सोमदेव नावाच्या वैद्याने आणि एका माळ्याने दिलेले दान तिथल्या ब्राह्मी लेखांत कोरलेले आहे. अक्षरांना खडू न फासता मोबाइलवर फोटो घ्यावा, घरी मुलांसोबत एकेक अक्षर लावावे. पाय चालतात, मनही ताजे होते. 20 मार्चला चवदार तळ्यावर आपण जातोच. ऊन चढण्याआधी, पाणी सोबत घेऊन, जवळची गंधारपाले लेणीही पाहावीत.

मात्र सर्वांचे डबे बांधून आई घरीच राहणार असेल, तर ती फुरसत अर्ध्याच घराची. डबे सर्वांनी मिळून बांधावेत आणि पहिला फोटो तिला काढू द्यावा.

जय भीम!