केबल तुटली की डोंबिवलीतलं नेट का जातं? इंटरनेट दुसरी वाट का शोधत नाही?

रस्ता खोदताना केबल तुटली आणि अख्ख्या सोसायटीचं वायफाय गेलं, हा अनुभव ठाणे, कल्याण, डोंबिवलीत नवा नाही. पण एक मार्ग बंद पडला तर इंटरनेट स्वतःच दुसरा शोधतं, असंही आपण ऐकलेलं असतं. मग इथे तसं का होत नाही?

राउटर वाट कशी बदलतो?

जलद मार्गावर बिघाड झाला की लोकल धीम्या मार्गावर वळवतात, तसंच काहीसं. इंटरनेट कंपन्यांचे राउटर शेजारच्या राउटरला सतत 'मी चालू आहे' असा संदेश पाठवतात. कंपनीच्या अंतर्गत जाळ्यात वापरल्या जाणाऱ्या ओएसपीएफ या प्रोटोकॉलमध्ये हा संदेश साधारणपणे दर 10 सेकंदांनी जातो. 40 सेकंद तो आलाच नाही, तर तो मार्ग बंद धरून दुसरा निवडला जातो. इतकं थांबणं परवडत नसेल तिथे बीएफडी ही सुविधा वापरतात. ती बिघाड सेकंदाच्याही आत ओळखते. एका कंपनीच्या जाळ्यातून दुसरीच्या जाळ्यात जायची वाट बीजीपी ठरवतो.

मग अडतं कुठे?

दुसरी वाट अस्तित्वात असेल, तरच राउटर ती निवडणार. घरगुती फायबरची रचना बहुतेकदा झाडासारखी असते. एका मुख्य तारेला फांद्या फुटतात आणि त्या घराघरांत जातात. मुख्य तार तुटली की त्यावरची सगळी घरं बंद. तिथे कोणताही प्रोटोकॉल काही करू शकत नाही.

पर्याय कागदावर असणंही पुरेसं नसतं. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबई-ठाण्याची वीज गेली, तेव्हा तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी सांगितलेलं कारण आठवा. कळवा-पडघा इथे सर्किट 1 चं देखभालीचं काम सुरू होतं, भार सर्किट 2 वर होता आणि नेमका त्यातच बिघाड झाला. म्हणजे एक मार्ग दुरुस्तीला गेला की उरलेल्या मार्गाला पर्याय राहत नाही. इंटरनेटलाही हाच नियम लागू होतो.

तुम्ही काय करू शकता?

घरून काम किंवा दुकानातलं यूपीआय नेटवर अवलंबून असेल, तर दोन कंपन्यांची कनेक्शन घेऊन भागेलच असं नाही. दोन्ही तारा एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून येत असतील, तर त्या एकदमच तुटतील. म्हणून कनेक्शन घेताना 'स्पीड किती?' याबरोबर 'तार कुठून येते?' हेही विचारा. दुसरा पर्याय मोबाइल डेटाचा ठेवता येतो. दोन कनेक्शन जोडता येणारा राउटर असेल, तर एक बंद पडताच तो आपोआप दुसऱ्यावर जातो. मात्र वीज गेल्यावर राउटरच बंद पडू नये, यासाठी छोटा यूपीएस लागतोच.